संमती म्हणजे पावती नव्हे

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या व्याख्यानमालेत एका कायदेपंडित स्नेह्यांचे 'विवाह आणि वचन' या विषयावर व्याख्यान झाले. अध्यक्षपद आमच्याकडे होते. अध्यक्षाने वक्त्याशी वाद घालू नये असा शिष्टसंप्रदाय असल्यामुळे त्या दिवशी आम्ही दोन गोड शब्द बोलून आभार मानले आणि स्वस्थ बसलो. परंतु व्याख्यानाच्या ज्या भागास श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, नेमका तोच भाग तेव्हापासून आमच्या मनात सलत आहे. आणि सभेत जे बोलता आले नाही ते लिहून काढल्यावाचून समाधान व्हावयाचे नाही अशी खात्री झाल्यामुळे हा लेख.

वक्त्यांचे प्रतिपादन थोडक्यात येणेप्रमाणे होते. पतिपत्नींचे पटत नाही. दोघे न्यायालयात जातात. न्यायालय त्यांस मध्यस्थाकडे पाठविते. मध्यस्थापुढे चार बैठकी होतात, घासाघीस होते, आणि अखेर तडजोडनामा तयार होतो. पत्नीस अमुक रक्कम, मुलांचा ताबा अमक्याकडे, फौजदारी फिर्यादी मागे, आणि दोघांनी मिळून परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा अर्ज करावयाचा. दोघे सह्या करतात. अर्ज दाखल होतो, पहिली जबानी होते, रकमेचा पहिला हप्ता चुकता होतो. आणि मग दुसऱ्या तारखेस दोघांपैकी एक पक्ष उभा राहून सांगतो, 'माझी आता संमती नाही'. व कायदा हे मुकाट्याने ऐकून घेतो! हे जर चालू द्यावयाचे तर तडजोडीस अर्थ काय राहिला, दिलेल्या शब्दास किंमत काय राहिली, आणि मध्यस्थाने तरी डोके कशासाठी शिणवावे? 'किराणा दुकानदारसुद्धा विकलेला माल असा परत घेत नाही,' असे वक्ते म्हणाले, आणि त्याच वाक्यास टाळ्या पडल्या. त्यांची मागणी स्पष्ट होती. मध्यस्थापुढे एकदा सही झाली की संमती कायमची समजावी, आणि पुढे एक पक्ष नाही म्हणाला तरी त्या कागदाच्याच आधारे घटस्फोटाचा हुकूमनामा द्यावा.

आमचे मत याच्या अगदी उलट आहे, आणि ते आडपडदा न ठेवता आरंभीच सांगून टाकतो. विवाह मोडण्यास दिलेली संमती हुकूमनामा होईपर्यंत परत घेण्याचा अधिकार दोघांपैकी प्रत्येकास अबाधित राहिला पाहिजे. मात्र त्या संमतीच्या भरवशावर जे जे पदरात पाडून घेतले असेल ते परत केल्यावाचून कोणासही सुटू देता कामा नये. वक्त्यांनी या दोन गोष्टींची गल्लत केली, आणि टाळ्या वाजविणाऱ्यांनी ती गल्लत गोड मानून घेतली, एवढीच आमची तक्रार आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे काडीमोड आणि सोडचिठ्ठी हे शब्द कायद्याच्या पुस्तकांहून जुने आहेत. अनेक जातींत तशी रूढी होती, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीने मिळणारी फारकत कायम राखली आहे. ज्या पांढरपेशा जातींत ती रूढी नव्हती, त्यांच्यासाठी कोल्हापूर संस्थानात १९२० साली, बडोद्यात १९३१ साली आणि मुंबई प्रांतात १९४७ साली कायदे झाले. परंतु १९५५ च्या कायद्यातही आरंभी एकाने दुसऱ्याचा दोष सिद्ध करावा आणि मग सुटका मागावी असाच क्रम होता. दोघांच्या संमतीने वेगळे होण्याची सोय १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात होती. हिंदू विवाह कायद्यात ती १९७६ च्या दुरुस्तीने कलम '१३ ब' म्हणून आली. या कलमाची रचना मोठ्या विचाराने केलेली आहे. पतिपत्नी एक वर्ष किंवा अधिक काळ वेगळी राहत असली पाहिजेत. एकत्र नांदणे त्यांस अशक्य झालेले असले पाहिजे. आणि विवाह संपुष्टात आणावा असे दोघांचे ठरलेले असले पाहिजे. असा अर्ज दोघांनी मिळून केल्यावर सहा महिन्यांपूर्वी नाही व अठरा महिन्यांनंतर नाही अशा बेताने, दोघांनी मिळून पुनश्च न्यायालयापुढे यावयाचे. आणि मध्यंतरी अर्ज मागे घेतलेला नसेल तर न्यायाधीशांनी दोघांचे म्हणणे ऐकून, चौकशी करून, खात्री पटल्यास हुकूमनामा द्यावयाचा. संमती बळजबरीने, फसवणुकीने किंवा गैरवाजवी दडपणाने मिळविलेली नाही, याचीही खात्री न्यायालयाने करून घ्यावी, असे त्याच कायद्याचे तेविसावे कलम सांगते.

अर्जानंतर एका पक्षाने माघार घेतली तर काय, हा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. आमच्या मुंबई उच्च न्यायालयाने १९८४ साली असे म्हटले होते की, अर्ज दाखल करतेवेळी संमती होती एवढे पुरे. एकट्याला ती मागे घेता येत नाही. वक्त्यांस हा निर्णय फार प्रिय दिसला. परंतु १९९१ साली हिमाचल प्रदेशातील एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मत अमान्य केले. त्या दाव्यातील पत्नीचे म्हणणे असे होते की, आपली जबानी पतीच्या दडपणाखाली झाली व त्या वेळी आपल्या नातलगांस भेटूही दिले गेले नाही. न्यायालयाने ठरविले की, संमती ही हुकूमनामा होईपर्यंत टिकली पाहिजे. मधल्या काळात दोघांपैकी कोणीही ती काढून घेऊ शकतो. १९९७ साली त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या एका पीठाने या मताविषयी शंका प्रदर्शित केली खरी; पण २००९ साली मुंबईच्या कुटुंबन्यायालयातून वर गेलेल्या एका दाव्यात तिघा न्यायमूर्तींनी १९९१ चेच मत उचलून धरले, आणि पक्षकार गैरहजर राहिला म्हणून त्याची संमती गृहीत धरणेही चुकीचे ठरविले. तेव्हा कायद्याची आजची स्थिती वक्त्यांच्या विरुद्ध आहे. परंतु कायदा तसा आहे एवढ्यावरून तो योग्य ठरत नाही. म्हणून त्यांच्या युक्तिवादाचाच विचार केला पाहिजे.

त्यांचा मुख्य आधार 'वचन' हा. वचनाची थोरवी आम्हांस कोणी शिकवावयास नको; हरिश्चंद्राच्या आणि दशरथाच्या कथा ऐकतच आमची पिढी वाढली. पण त्या कथांचा रोख कोणाकडे आहे हे वक्त्यांनी नीट पाहिले आहे काय? दशरथाने शब्द पाळला म्हणून आपण त्याच्यासाठी डोळे पुसतो. ज्या कैकेयीने तो शब्द नेमका अडचणीच्या वेळी वसूल केला, तिचे नाव आजपर्यंत कोणी आपल्या मुलीस ठेवलेले ऐकिवात नाही. शब्द पाळणे हा देणाऱ्याचा मोठेपणा आहे. समोरच्याच्या मनाविरुद्ध तो त्याच्याकडून पिळून घेणे हा घेणाऱ्याचा सद्गुण आपल्या परंपरेने कधी मानलेला नाही. मग जे काम कैकेयीस शोभले नाही, ते न्यायालयाने करावे असे आम्ही का म्हणावे?

शिवाय वचनांचाच हिशेब करावयाचा तर तो पुरता करावा. पतिपत्नींनी पहिले वचन मध्यस्थाच्या टेबलाशी दिलेले नसते. ते अग्नीच्या साक्षीने, सात पावले चालून, दोन्हीकडच्या चारचौघांदेखत दिलेले असते. ते वचन मोडण्याची मुभा कायद्याने दिली, ती माणसाचे मन बदलते आणि बदललेल्या मनावर संसार रेटता येत नाही हे ओळखून. हे तत्त्व एकदा मान्य केल्यावर, सप्तपदी मोडता येईल परंतु तडजोडनामा मोडता येणार नाही, असे म्हणणे म्हणजे मोठ्या वचनास धाग्याने बांधणे आणि लहान वचनास साखळदंडाने जखडणे होय. आमच्या आजोबांच्या पिढीतील सनातनी लेखक 'अग्निसाक्ष दिलेला शब्द फिरवावयाचा कसा?' असे विचारून घटस्फोटास विरोध करीत असत. त्यांच्याशी आमचे पटले नसते. पण ते निदान सुसंगत होते. आजचे सुधारक घटस्फोटाच्याच कराराभोवती तेच सोवळे नेसवीत आहेत, हे पाहून हसावे की रडावे ते समजत नाही.

वक्त्यांनी किराणा दुकानाचा दृष्टान्त दिला. आम्ही घराच्या अधिक जवळचा देतो. साखरपुडा झाल्यावर लग्न मोडते, असे आपण सर्वांनी पाहिले आहे. मोडणाऱ्यास लोक नावे ठेवतात. दागिने परत जातात. झालेल्या खर्चाबद्दल वाद होतो, क्वचित् न्यायालयापर्यंतही जातो. पण साखरपुडा झाला आहे, सबब या मुलीने बोहल्यावर उभे राहिलेच पाहिजे, असा हुकूम कोणतेही न्यायालय देत नाही. आणि दिला तर टाळ्या वाजविणारे आमचे हेच श्रोते संतापून उठतील. मध्यस्थापुढचा तडजोडनामा हा घटस्फोटाचा साखरपुडाच आहे. त्यातील दागिने परत मागण्याचा हक्क प्रत्येकास आहे. माणूस मागण्याचा कोणासही नाही.

सर हेन्री मेन यांनी १८६१ साली असा सिद्धान्त मांडला की, प्रगतिशील समाजांची वाटचाल जन्मसिद्ध दर्जाकडून कराराकडे होते. आमच्या इंग्रजी शिकलेल्या वर्गास हा सिद्धान्त इतका भावला की, जे जे म्हणून दोन माणसांत ठरते ते सर्व करारच, अशी आमची समजूत झाली आहे. परंतु विवाहाच्या तडजोडीत दोन निरनिराळ्या वस्तू एकाच कागदावर लिहिलेल्या असतात. रक्कम, घर, दागिने, फिर्यादी ही कराराची वस्तू आहे. तिची देवघेव होऊ शकते व ती परतही करता येते. 'मी अमक्याची पत्नी आहे' अथवा 'नाही' ही मात्र देवघेवीची वस्तू नव्हे. म्हणूनच घटस्फोट दोघे आपसांत लिहून घेऊ शकत नाहीत. तो न्यायालयाने द्यावा लागतो. न्यायालयाने तो देण्यापूर्वी माणसास समोर उभे करून विचारावे लागते. या विचारण्यालाच आम्ही या सर्व प्रकरणाचा गाभा मानतो, आणि तसे का मानतो ते सांगण्यासाठी आम्हांस स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना आमच्याकडे फारसा मोठेपणा येत नाही, तरीही सांगतो.

आमची एक भाची आहे. तिचे वडील हयात नसल्यामुळे तिच्या लग्नात आणि पुढे लग्न मोडण्याच्या वेळीही वडीलकी आमच्याकडे आली. नऊ वर्षांचा संसार, सात वर्षांचा मुलगा, आणि दोन वर्षांपासून दोघे वेगळी. जावई दुष्ट माणूस नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. पटले नाही एवढेच. न्यायालयाने प्रकरण मध्यस्थाकडे पाठविले. शेवटच्या बैठकीस आम्ही जातीने हजर होतो. दुपारी तीन वाजता बसलो ते दिवेलागणीपर्यंत. रकमेचे लवकर ठरले, मुलाचे ठरेना. अखेरीस मुलाची शाळा वडिलांच्या घराजवळ आहे म्हणून त्याने तेथे राहावे, आणि आईने महिन्यातून दोन रविवार व अर्धी सुटी त्यास न्यावे, असा तोडगा निघाला. मध्यस्थबाई सुस्वभावी होत्या. त्यांनी कोणावरही जबरदस्ती केली नाही. जबरदस्ती केली ती आम्ही. 'आता ताणू नकोस, यापेक्षा चांगले मिळावयाचे नाही, उद्या दावा दहा वर्षे चालेल,' असे आम्ही म्हटले. तिची आई म्हणाली, तिचा भाऊ म्हणाला, वकील म्हणाले. मुलीने एकदा आमच्याकडे पाहिले आणि सही केली. बाहेर येऊन आम्ही सर्वांनी चहा घेतला, आणि एक कठीण काम पार पाडल्याच्या समाधानात घरी गेलो.

अर्ज दाखल झाला. पहिली जबानी झाली. अर्धी रक्कम आली. पुढे तीन महिन्यांनी मुलास ताप आला. आई भेटावयास गेली, तेव्हा दारातूनच उत्तर मिळाले की, 'आज आपला रविवार नाही.' उत्तर देणाऱ्यांनीही कागदाबाहेरचे काही सांगितले नव्हते. कागदात तसेच होते, आणि तो कागद आम्हीच घडवून आणला होता. त्या आठवड्यात तिने आम्हांस येऊन सांगितले की, दुसऱ्या जबानीस आपण होकार देणार नाही. आम्ही संतापलो. चारचौघांत दिलेल्या शब्दाची, आमच्या नावाची, जावयाच्या मोकळ्या होऊ पाहणाऱ्या आयुष्याची, सर्वांची आठवण तिला करून दिली. तिने ते सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, 'मामा, त्या दिवशी तुम्ही सगळे मला "कर सही" म्हणालात. तुला काय वाटते, असे कोणीच विचारले नाही. आता न्यायाधीश विचारणार आहेत. त्यांना मी खोटे कसे सांगू?'

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. आणि आमच्या वक्त्यांजवळही असेल असे वाटत नाही. कायद्याने न्यायाधीशांस विचारावयास सांगितले आहे, ते उत्तर काय येईल हे आधीच ठरलेले असावे म्हणून काय? तडजोडनाम्यातील संमती परत घेता येत नाही असे ठरविले, तर दुसऱ्या तारखेचा तो प्रश्न म्हणजे नाटकातील संवाद होईल. 'तुमची संमती आहे ना?' असे न्यायाधीशांनी विचारावयाचे, 'नाही' असे उत्तर आले तर ते ऐकले नाही असे दाखवावयाचे, आणि हुकूमनाम्यावर 'परस्परसंमतीने' असे लिहावयाचे! इच्छेविरुद्ध घटस्फोट देणे हा एक अन्याय झाला; त्यास संमती हे नाव देणे हा त्यावरचा दुसरा. एखाद्यास त्याच्या मनाविरुद्ध घटस्फोट द्यावयाचाच असेल, तर कायद्यात क्रूरतेचे, परित्यागाचे आणि अन्य आधार आहेत. ते सिद्ध करावेत आणि खुशाल द्यावा. पण मग त्यास त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी.

मध्यस्थीविरुद्ध आम्ही बोलत आहोत असा कोणी ग्रह करून घेऊ नये. १९८४ च्या कुटुंबन्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच ठरविले. दिवाणी दाव्यांतील तडजोडीसाठी २००२ पासून वेगळी तरतूद अमलात आली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कौटुंबिक वाद मध्यस्थीकडे पाठविण्यावर भर दिला. आणि २०२३ साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही झाला. हे सर्व इष्टच झाले. वर्षानुवर्षे एकमेकांची धुणी चव्हाट्यावर धुण्यापेक्षा बंद खोलीत दोन तास बोलणे केव्हाही चांगले. परंतु त्या बंद खोलीत काय बोलणे झाले हे गुप्त राहते, आणि राहिलेच पाहिजे. त्यामुळे तेथे कोणी कोणास कसे वळविले हे न्यायाधीशांस कधीच कळत नाही. त्यांच्यापुढे येतो तो कोरडा कागद. त्या कागदामागे जिवंत इच्छा आहे की नाही हे पाहण्याची एकच संधी कायद्याने ठेवली आहे. ती म्हणजे दुसरी तारीख. त्यातच २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, योग्य प्रकरणी सहा महिन्यांची मुदत माफ करता येईल. पुष्कळ दिवस वेगळ्या राहिलेल्या जोडप्यांस हा निर्णय दिलासा देणारा आहे, यात संशय नाही. पण विचार करावयास मिळणारा अवधी जसजसा आखूड होईल, तसतसा अखेरच्या क्षणी 'नाही' म्हणण्याचा अधिकार अधिक मोलाचा होईल, हे विसरून चालणार नाही.

आता वक्त्यांच्या आक्षेपातील जो भाग खरा आहे त्याकडे वळू. माघार घेणारा प्रत्येक जण आमच्या भाचीसारखा नसतो. पहिला हप्ता खिशात घालून, वाढीव रक्कम उकळण्यासाठी संमती अडवून धरणाऱ्या स्त्रिया आहेत. पत्नीकडून फौजदारी फिर्याद मागे घेववून, ती मागे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी हप्ता आणि संमती दोन्ही नाकारणारे पुरुषही आहेत. ही निखळ फसवणूक आहे, आणि तिला संमतीच्या स्वातंत्र्याचे पांघरूण मिळता कामा नये. पण फसवणुकीचे औषध काय? ज्याने जे घेतले ते त्याच्याकडून परत काढावे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने २०१८ साली हा भेद चांगला दाखविला आहे. न्यायालयास हमी दिलेली असली तरी संमती मागे घेण्याचा हक्क त्यामुळे नाहीसा होत नाही. परंतु हमी जाणूनबुजून मोडणाऱ्यावर न्यायालयाच्या अवमानाबद्दल कारवाई होऊ शकते. म्हणजे लबाडीस शासन आहे. मात्र ते शासन म्हणून घटस्फोट लादता येत नाही.

आमच्या मते यापुढेही जाता येईल. रकमेचा मोठा भाग पक्षकाराच्या हाती न देता हुकूमनामा होईपर्यंत न्यायालयात ठेवावा. 'कोणी माघार घेतल्यास काय काय परत करावयाचे' हे कलम प्रत्येक तडजोडनाम्यात स्पष्ट शब्दांत असावे, आणि दोन्ही पक्षांस ते वाचून दाखवावे. फिर्याद रद्द करून घेण्याचे पाऊल हुकूमनाम्याच्या आधी पडू नये. मुलांच्या ताब्याविषयीचे कलम रकमेच्या कलमाशी बांधू नये. कारण मूल हे कोणाच्याच हप्त्याचे तारण नव्हे. एवढी काळजी घेतली, तर लबाडास माघारीपासून काहीच लाभ उरणार नाही, आणि जो खऱ्या कारणाने माघार घेतो त्याचा मार्ग मोकळा राहील. आमच्या भाचीने पहिला हप्ता बँकेत जसाच्या तसा ठेवला होता. तो तिने धनाकर्षाने परत केला, आणि मगच न्यायालयात जाऊन 'नाही' म्हटले. हे आम्ही तिला शिकविले नव्हते.

एक आक्षेप मात्र उरतो, आणि तो सर्वांत अवघड आहे. माघारीने दुसरा पक्ष लोंबकळत राहतो त्याचे काय? आमचे जावई आज चाळिशीला टेकले आहेत. त्यांनी क्रूरतेच्या कारणावरून दावा लावला आहे. तो चालू आहे. केव्हा संपेल हे ब्रह्मदेवास ठाऊक. त्यांस नवा संसार करता येत नाही. रस्त्यात भेटले तर आजही ते वाकून नमस्कार करतात, आणि आमची मान खाली जाते. त्यांच्या दुःखास आम्ही किरकोळ म्हणणार नाही. परंतु त्यावरचा उपाय संमतीच्या कलमात शोधणे म्हणजे पाय दुखतो म्हणून हाताला पट्टी बांधणे होय. विवाह पुनरुज्जीवनापलीकडे मोडला असेल तर तेवढ्याच कारणाने तो संपविता यावा, अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ सालीच केली होती. तशा आशयाचे विधेयक २०१३ साली राज्यसभेत संमतही झाले. पण ते पुढे न जाता व्यपगत झाले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ठरविले की, घटनेच्या १४२ व्या कलमाखाली ते न्यायालय स्वतः अशा मोडलेल्या विवाहास पूर्णविराम देऊ शकते, मग एका पक्षाचा विरोध का असेना. परंतु हा अधिकार एका सर्वोच्च न्यायालयाचा. तालुक्याच्या गावच्या पतिपत्नींनी दिल्लीपर्यंत जावे कसे? लोंबकळणाऱ्यांविषयी ज्यांस खरोखर कळकळ आहे, त्यांनी संसदेकडे हा कायदा मागावा. त्यात दुर्बल पक्षाच्या उदरनिर्वाहाची व मुलांच्या हिताची तजवीज मागावी. त्या मागणीवर आमचीही सही त्यांस मिळेल. पण जे उघडपणे 'इच्छेविरुद्ध' देण्याचे धैर्य कायदेमंडळास झाले नाही, ते 'संमती'च्या नावाखाली मागील दाराने देऊ नये.

या ठिकाणी महाराष्ट्राने एका जुन्या दाव्याची आठवण ठेवावी. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ साली पतीने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी, जिने हा विवाह जाणतेपणी कधी पत्करलाच नाही तिला बळेच नांदावयास पाठविण्याचे नाकारले. तो निर्णय अपिलात टिकला नाही. १८८७ साली नांदावयास जा, नाही तर तुरुंगात जा, असा हुकूम झाला, आणि रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली. अखेरीस १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन पतीने आपला हक्क सोडला, आणि त्या पुढे विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. त्या काळच्या शहाण्यासुरत्या लोकांनी रखमाबाईंवर केलेला आरोप काय होता? लग्न ठरले ते वडीलधाऱ्यांनी, चारचौघांच्या साक्षीने. आता ही मुलगी शब्द फिरविते! सव्वाशेहून अधिक वर्षांनी आम्ही तोच आरोप, फक्त उलट्या दिशेने, करीत आहोत. मनाविरुद्ध नांदावयास लावणे आणि मनाविरुद्ध सोडावयास लावून त्यास संमती म्हणणे, ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. वडीलधाऱ्यांनी ठरविले, मुलीने मान हलविली, आणि सर्वांनी ते तिचे मत समजले, हा क्रम दोहोंकडे एकच आहे.

म्हणून अखेरचे मागणे कायद्याकडे नसून आमच्यासारख्या घरांतील वडीलमंडळींकडे आहे. तडजोडीच्या खोलीत आपण जातो ते बहुधा प्रकरण मिटविण्याच्या घाईने. मिटविणे हे आपले काम नव्हे; ज्याचे आयुष्य आहे त्यास विचारणे, उत्तर येईपर्यंत थांबणे, आणि उत्तर आपल्या सोयीचे नसले तरी ऐकून घेणे, एवढेच आपले काम. ते त्या संध्याकाळी आम्ही केले असते, तर कदाचित् मुलाविषयीचे कलम निराळे लिहिले गेले असते, दुसऱ्या तारखेस खरा होकार मिळाला असता, आणि आमचे जावईही आज मोकळे असते. माघारीचा दोष माघार घेणाऱ्यावर ठेवण्यापूर्वी, पहिला होकार कसा मिळविला होता याची चौकशी प्रत्येकाने आपल्या घरी करून पाहावी.

आमचे वक्ते स्नेही हा लेख वाचतील, आणि पुढील व्याख्यानमालेत त्यास उत्तरही देतील. त्या दिवशी अध्यक्षपद दुसऱ्या कोणाकडे असावे, आणि आम्ही श्रोत्यांत बसावे, अशी आमची चालकांस आताच विनंती आहे. या वेळी मनातले बोलण्याची मोकळीक राहील.